हरिभाऊ आपटे : यमूची गोष्ट लिहिणारा माणूस



जून महिना आला की पुण्यातल्या प्रत्येक घराची एक फेरी ठरलेली असते. स्वारगेटला यायचं, तिथून मंडई गाठायची (आता मेट्रोने पुढचंच स्टेशन), आणि गर्दीतून वाट काढत अप्पा बळवंत चौकात शिरायचं. हातात शाळेची यादी, सोबत कंटाळलेलं मूल. वह्या, पुस्तकं, कव्हरचे कागद, आणि शेवटी एक कंपास, कारण गेल्या वर्षीचा हरवलेला असतो. या चौकाजवळच बुधवार पेठेत आनंदाश्रम नावाची जुनी संस्था आहे. संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आणि संस्कृत ग्रंथांचं प्रकाशन यासाठी ती प्रसिद्ध आहे. मी स्वतः कित्येक वर्षं तिच्या जवळून पुस्तकांचं ओझं घेऊन गेले, पण आत कोण राहून गेलं याचा विचार कधी केला नव्हता.

या आनंदाश्रमाचा कारभार ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिला ते हरी नारायण आपटे. आपल्या मुलांना ते दोन ओळींत माहीत असतात. मराठीतील श्रेष्ठ कादंबरीकार, ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘उषःकाल’ या कादंबऱ्यांचे लेखक. एका मार्काचा प्रश्न, एका मार्काचं उत्तर. आजच्या पाठात या दोन ओळींच्या मागचा माणूस पाहू या. हा माणूस सोपा नाही, हे आधीच सांगते.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळा येथे झाला. (आज ८ मार्च हा महिला दिन असतो. हा निव्वळ योगायोग, पण मुलांच्या लक्षात राहतो.) ते अगदी लहान असतानाच त्यांची आई गेली. पुढे ते मुंबईला काका महादेव चिमणाजी आपटे यांच्याकडे राहिले. काका हायकोर्टात वकील होते, आणि आनंदाश्रम त्यांनीच पुढे स्थापन केला. १८७८ मध्ये कुटुंब पुण्याला आलं. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या नावाशी जोडलेली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली आणि हरिभाऊ त्या शाळेचे विद्यार्थी झाले.

कसले विद्यार्थी होते ते बघा. १८८२ मध्ये चिपळूणकर वारले तेव्हा या मुलाने त्यांच्यावर दीर्घ शोककविता लिहिली. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ नावाने मराठी रूप केलं, तर त्यावर याने लांबलचक टीकालेख लिहिला. म्हणजे आपल्याच शिक्षकाच्या पुस्तकातल्या चुका काढल्या! आपल्या वर्गात असा एखादा मुलगा असला तर आपण काय करू, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर फारसं अभिमानास्पद आलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर ते आधी डेक्कन कॉलेजात आणि मग नव्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. पदवी मात्र मिळाली नाही. गणिताने घात केला. भाषेत एवढी चमक असलेला मुलगा गणितापायी पदवीवाचून राहिला, हे पालकसभेत सांगायला हरकत नाही. दर वर्षी निकालानंतर एखादी आई डोळ्यांत पाणी आणून समोर बसते, तेव्हा मला हरिभाऊ आठवतात.

आता लग्नाकडे येऊ, कारण या चरित्रातला अवघड भाग तिथूनच सुरू होतो.

१८७९ मध्ये हरिभाऊंचं लग्न झालं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने नववीतला मुलगा. मुलगी सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या नात्यातली होती. दोन्ही घरं नावाजलेली, पुण्याच्या सार्वजनिक जीवनात पुढे असलेली, तरीही लग्न ठरवलं ते वडीलधाऱ्यांनी, आणि नवरानवरीला कोणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. मुलगी शिकलेली नव्हती. हरिभाऊंनी तिला लिहायला-वाचायला शिकवायचं ठरवलं आणि घरच्या मोठ्यांचा विरोध सोसून ते केलं. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी वाड्यात माणसांचा राबता असायचा, दिवसा नवराबायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलणं हेच निर्लज्जपणाचं समजलं जायचं. तिथे पाटी-पुस्तक घेऊन बसायचं म्हणजे घरातल्या प्रत्येक बाईचे टोमणे ऐकायचे, आणि ते टोमणे नवऱ्यापेक्षा त्या मुलीच्याच वाट्याला यायचे. हे दृश्य हरिभाऊंनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरातलं होतं.

याच वर्षांत त्यांचं इंग्रजी कादंबऱ्यांचं वाचनही जोरात चाललं होतं. इथे थोडं थांबून इंग्रजी कादंबरीबद्दल सांगते, म्हणजे पुढचा मुद्दा स्पष्ट होईल.

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ मध्ये आली. एका घरात पाच बहिणी आहेत, भाऊ नाही, आणि कायद्याप्रमाणे वडिलांची मिळकत दूरच्या पुरुष नातेवाइकाला जाणार आहे. म्हणजे मुलींचं पोट त्यांच्या लग्नावर अवलंबून आहे. कोणाचं घराणं किती मोठं, कोणाचं उत्पन्न वर्षाला किती, कोण कोणाला शोभतं, हे सगळं त्या कादंबरीत फार बारकाईने आलं आहे. हुंड्याच्या बैठकी पाहिलेल्या आपल्या लोकांना त्यात परकं काही वाटणार नाही. पण एक फरक आहे. तिथली नायिका वीस वर्षांची आहे, ती बोलते, नकार देते, आपली चूक ओळखते आणि शेवटी स्वतः निवड करते. कादंबरी संपते ती लग्नापाशी.

मराठी कादंबरीकाराला हा साचा कसा वापरता येणार? आपल्याकडे त्या वेळी मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकलेलं असायचं. निवड, नकार, ओळख यांना जागाच नव्हती. ऑस्टिनची कादंबरी जिथे संपते तिथे यायला आपल्या नायिकेला दोन-चार प्रकरणंही लागणार नाहीत, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होणार. हरिभाऊंचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी इंग्रजी कादंबरीतून माणसाकडे बारकाईने पाहायची सवय घेतली, पण गोष्टीची चौकट पुण्याच्या वाड्यातून उचलली.

अर्थात सुरुवातीला त्यांनीही इंग्रजी लेखकाचा हात धरला होता. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि तिच्यावर रेनॉल्ड्स या त्या वेळच्या लोकप्रिय इंग्रज कादंबरीकाराची छाप आहे. मराठीत त्याआधी कादंबऱ्या नव्हत्या असं नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली होती, आणि तिचा विषय विधवांचं दुःख हाच होता. त्यानंतर मात्र ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुत गोष्टींचा जोर झाला. राजपुत्र, संकटं, सुटका आणि गोड शेवट. घरातली खरी बाई गोष्टीतून पुन्हा बाहेर गेली.

तिला परत आणायला हरिभाऊंना एका मैत्रिणीची मोठी मदत झाली. तिचं नाव काशीबाई कानिटकर. काशीबाईंचा जन्म १८६१ चा, म्हणजे त्या हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. लग्न लहानपणीच झालं. नवरा गोविंद वासुदेव कानिटकर इंग्रजी शिकलेला, कविता करणारा, आणि बायको निरक्षर. शिकलेल्या नवऱ्याला न शिकलेली बायको नकोशी वाटायची, हा त्या पिढीतला एक वेगळाच छळ होता. शिकू न देणारे कोणी वेगळे, आणि न शिकल्याबद्दल बोलणी खायची त्या मुलीने. काशीबाई जिद्दीने शिकल्या, इंग्रजी पुस्तकांपर्यंत पोचल्या आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र त्यांनी लिहिलं, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. हरिभाऊंचा आणि त्यांचा स्नेह हा त्या काळात दुर्मीळ असा, एका विवाहित स्त्रीचा आणि परपुरुषाचा पुस्तकांवरचा स्नेह होता. लिहिलेलं एकमेकांना दाखवायचं, त्यावर बोलायचं, पत्रं लिहायची. स्वयंपाकघरात आणि माजघरात बायका काय बोलतात, कशाला भितात, हे कुठल्याही पुरुषाला बाहेरून कळणं कठीण. हरिभाऊंना ते ऐकायला मिळालं, कारण सांगणारी होती आणि यांना ऐकायची सवय होती.

आता १८९० सालचं पुणे डोळ्यांसमोर आणा. मी वर्गात फळ्यावर हे साल मोठ्या अक्षरात लिहिते आणि मुलांना सांगते, या एका वर्षाच्या आसपास किती गोष्टी घडल्या ते बघा. आगरकरांचं ‘सुधारक’ पत्र सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पंडिता रमाबाईंनी मुंबईत काढलेलं विधवांचं वसतिगृह, शारदा सदन, याच वर्षी पुण्याला आलं. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला नुकताच गाजून गेला होता. मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणाऱ्या कायद्यावर सभांतून भांडणं चालू होती. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. १८९१ मध्ये तो कायदा झाला. हो, दहावरून बारा. हे आकडे वाचताना पाचवी-सातवीच्या मुली एकमेकींकडे बघतात.

त्याच १८९० च्या ऑक्टोबरात हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. वय वर्षे सव्वीस. नाव मुद्दाम साधं. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ कडक शब्दांत समाजाला जागं करत होते. हरिभाऊंचा विचार असा की तेच काम घरातल्या माणसाने संध्याकाळी दिव्याजवळ बसून गोष्ट सांगावी तसं करता येईल. घरातल्या बायकामुलांनाही वाचता येईल असं पत्र हवं होतं. या ‘करमणुकी’त त्यांनी क्रमशः जी कादंबरी छापायला घेतली ती ‘पण लक्षात कोण घेतो’. ती १८९३ पर्यंत चालली.

गोष्ट यमू स्वतः सांगते. यमू म्हणजे यमुना, पुण्यातल्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातली मुलगी. घरात वडिलांचा धाक, आई सोशिक, आणि जिवाला जीव देणारा एक भाऊ. आई जाते, सावत्र आई येते. यमूचं लग्न रघुनाथरावांशी होतं. सासरी माणसं पुष्कळ, आणि त्यात शंकरमामंजी नावाचे एक गृहस्थ. वरून धर्मनिष्ठ, आतून दुष्ट आणि ढोंगी. यमूचं नशीब एवढंच की नवरा भला आणि शिकलेला आहे. तो तिला वाचायला शिकवतो. पुढे दोघे मुंबईत बिऱ्हाड करतात आणि तिथे त्यांच्यासारखीच आणखी जोडपी भेटतात. संध्याकाळी फिरायला जाणं, बायकांनी एकत्र बसून वाचणं, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलणं, हेच त्यांचं सुख. त्याहून जास्त काहीही नाही. हे थोडे दिवस वाचताना आपल्याला भीती वाटत राहते, कारण गोष्टीचा सूर आधीपासून सांगत असतो की हे टिकणार नाही.

रघुनाथराव आजारी पडून जातात. यमू विधवा होऊन पुण्याला परत येते. आणि मग शंकरमामंजी तिच्या इच्छेविरुद्ध, जबरदस्तीने, तिचं केशवपन करवतात. एवढ्या काळजीने वाचायला शिकलेली, स्वतःचं मन असलेली मुलगी, आणि तिचं कोणी ऐकून घेत नाही. यातून ती सावरत नाही. तिचा शेवट होतो.

तिची मैत्रीण दुर्गी हिची गोष्टही सोबत चालते. दुर्गीचा नवरा वाया गेलेला. म्हणजे हरिभाऊ दोन मुली शेजारी शेजारी उभ्या करतात. एकीला नवरा चांगला मिळाला, एकीला वाईट. दोघींच्या हातात काही नव्हतं आणि दोघींचंही वाटोळं झालं. मला वाटतं, नुसता दुष्ट नवरा दाखवला असता तर वाचकाने दोष त्या एका माणसावर टाकून पुस्तक मिटलं असतं. चांगला नवरा दाखवल्यामुळे ती सोय राहिली नाही.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये शार्लट ब्राँटीने १८४७ मध्ये ‘जेन एअर’ छापली तेव्हा पुस्तकावर पुरुषी वाटेल असं टोपणनाव घातलं होतं. आपल्याकडे पुरुषाने बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणून साडेचारशे-पाचशे पानं सांगितली आणि ती खरी वाटली. यात हरिभाऊंचं कौतुक आहेच. पण यमूसारख्या किती मुलींना स्वतःची गोष्ट स्वतः लिहिता आली नाही, हेही त्यात दिसतं.

आता अवघड भाग.

कादंबरी ‘करमणुकी’त चालू होती. आठवड्यामागून आठवडे यमूचं दुःख लोकांच्या घरात जात होतं. १८९१ मध्ये हरिभाऊंची पत्नी वारली. तीच, जिला त्यांनी सगळ्यांचा विरोध पत्करून शिकवलं होतं. त्यांचं वय सत्तावीस. आणि पुढच्याच वर्षी, वडीलधाऱ्यांच्या आग्रहामुळे, त्यांनी दुसरं लग्न केलं. रूढीप्रमाणे, कुमारिकेशी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. यमूला केशवपनासाठी बसवणारं प्रकरण ज्या हाताने लिहायचं, त्याच हाताने बोहल्यावर चढायचं? बायको मेल्यावर पुरुषाने वर्षभरात दुसरी करायची आणि नवरा मेल्यावर बाईने केस काढून कोपऱ्यात बसायचं, हाच तर त्यांच्या कादंबरीतला अन्याय आहे.

आणि हे म्हणताना त्याच पुण्यातला दुसरा माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. धोंडो केशव कर्वे. त्यांचीही पहिली पत्नी १८९१ मध्येच वारली. त्यांनी दोन वर्षं थांबून मार्च १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा होत्या आणि शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नासाठी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईला भेटायला जाणंही कठीण झालं. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. (गणिताने हरिभाऊंना इथेही मागे टाकलं, असं एकदा माझ्या तोंडून गेलं. विनोद बरा नव्हता.) गोदूबाई म्हणजे आपल्या आनंदीबाई कर्वे, ‘बाया कर्वे’.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की हरिभाऊ एकटे नव्हते. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी दुसरं लग्न केलं होतं. पुनर्विवाहाची चळवळ करणारे रानडे. त्यांनी रमाबाईंना शिकवलं आणि पुढे रमाबाई रानडे स्वतः सेवासदनासारखी संस्था उभी करण्यापर्यंत पोचल्या. म्हणजे घरच्या मोठ्यांपुढे हरणं आणि बायकोला शिकवणं ही दोन्ही कामं हीच माणसं करत होती. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलांचा, काकांचा शब्द मोडणं म्हणजे घर सोडणं होतं, आणि हरिभाऊंचं शिक्षण, राहणं, पुढे आनंदाश्रमाचं काम, हे सगळं काकांच्या घराशी बांधलेलं होतं. कारण समजतं. समजलं म्हणून पटतं असं नाही.

त्यांच्या कादंबरीतल्या भल्या पुरुषांकडे आता पुन्हा बघा. यमूचा भाऊ भला आहे. नवरा भला आहे. मुंबईचे मित्र भले आहेत. पण मोठ्यांसमोर उभं राहून नाही म्हणायची वेळ आली की यांचा आवाज कमी पडतो. यमूवर तो प्रसंग येतो तेव्हा तिला वाचवायला कोणी पुरेसं पडत नाही. पूर्वी मला हा कादंबरीतला कच्चा दुवा वाटायचा. आता वाटत नाही. भल्या माणसाचा कमकुवतपणा किती खोल असतो हे हरिभाऊंना बाहेरून शोधावं लागलं नसणार.

पालकहो, आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या, ती म्हणजे या कादंबरीत कोण कोण नाही. तिच्यातलं जवळजवळ सगळं जग पांढरपेशा ब्राह्मण घरांचं आहे. कारकून, वकील, शिकणारे मुलगे, वाडे आणि मुंबईची बिऱ्हाडं. स्वारगेटपासून चालत जाता येईल अशा अंतरावर गंज पेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. ‘करमणूक’ निघाल्यावर महिन्याभरात, २८ नोव्हेंबर १८९० ला, जोतीराव गेले. याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ब्राह्मण विधवांची बाळंतपणं केली होती. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. आणि जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्येच मुंबईच्या न्हावी समाजाने विधवांचे केस कापणार नाही असं ठरवलं.

म्हणजे बघा, यमूच्या घरातली भली, शिकलेली माणसं गप्प बसतात, आणि ज्याला हातात वस्तरा घेऊन पोट भरायचं आहे तो माणूस प्रत्यक्षात नाही म्हणत होता. हे चित्र हरिभाऊंच्या कादंबरीत आलं नाही. पेठा जवळ होत्या, पण वाड्यांतलं अंतर फार होतं. मुलांना यमू शिकवताना लोखंड्यांचं नावही सांगावं असं माझं मत आहे.

हरिभाऊंचं पुढचं आयुष्य कामाने गच्च भरलेलं होतं, ते इथे थोडक्यात सांगते. ‘यशवंतराव खरे’, ‘मी’ यांसारख्या सामाजिक कादंबऱ्या आल्या. ‘मी’मधला भावानंद देशसेवेला स्वतःला वाहून घेतो. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ आणि ‘वज्राघात’ या ऐतिहासिक कादंबऱ्या तर आपल्या आजोबांच्या पिढीने रात्र रात्र जागून वाचल्या. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या विनोदी नाटकांची त्यांनी मराठी रूपं केली. त्यातलं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे नाव ऐकूनच मुलं हसतात. त्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ वाचल्यावर मराठी लघुकथेची सुरुवात कुठे झाली ते कळतं. या सगळ्यासोबत पाव शतकाहून अधिक काळ दर आठवड्याला ‘करमणूक’चा अंक. पुण्यात प्लेग आला तेव्हा लोकांसाठी धावपळ केली, नगरपालिकेत काम केलं, तिचे अध्यक्षही झाले. १९१२ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

एक वर्षी वर्गात हा पाठ घेताना मी दुसऱ्या लग्नाचा भाग गाळला होता. मुलं लहान आहेत, कशाला, असं वाटलं. पुढच्या वर्षी सांगितला. एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, की बाई, त्यांना यमूचं एवढं वाईट वाटत होतं तर त्यांनी एखाद्या यमूशीच लग्न का नाही केलं? वर्ग शांत झाला. मी त्यांना काका, वाडा, मोठ्यांचा शब्द हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला ते पुरेसं वाटलं नव्हतं हे दिसत होतं. मग शेजारची मुलगी म्हणाली की ज्यांच्याशी लग्न झालं त्या बाईंना तरी कोणी विचारलं होतं का. यावर माझ्याजवळ काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी हा पाठ असा घेते. फळ्यावर १८९० ते १८९३ ही चार वर्षं लिहिते. ‘करमणूक’, शारदा सदन, जोतीरावांचं जाणं, मुंबईतला न्हावी समाजाचा निर्णय, संमतिवयाचा कायदा, हरिभाऊंच्या पत्नीचं जाणं, कर्व्यांच्या पत्नीचं जाणं, हरिभाऊंचं दुसरं लग्न, कर्व्यांचं दुसरं लग्न, आणि कादंबरीचा शेवट. काही न सांगता मुलांना पाच मिनिटं नुसतं बघू देते. मग यमू मुंबईत वाचायला शिकते तो भाग सोप्या भाषेत गोष्टीसारखा सांगते. केशवपनाचा प्रसंग सातवीच्या खाली सांगत नाही. प्रश्न येतातच. तुमच्या वर्गात कोणते आले ते मला जरूर कळवा.